दवाखान्याच्या रस्त्याचा लॅप रेकॉर्ड

१ मार्च, रविवार
मेहुणा नवी गाडी दाखवायला आला. पांढरी. नापसंती माझ्या तोंडावर दिसली असावी. सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं नाही आणि काढायचा विचारही नाही. बसलं की नको तो आवाज येतो. इंजिनाबद्दल विचारलं तर म्हणाला, आहे की पुढे. ॲव्हरेज मात्र तोंडपाठ. पाण्याच्या बाटल्या किती बसतात तेही. गाढवाला गुळाची चव काय.
एक चक्कर मार म्हणून किल्ली पुढे केली. नको म्हटलं. असल्या गाड्यांनी हात बिघडतो.

३ मार्च, मंगळवार
हिला दुसऱ्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा देऊ केली आहे. शाळा सकाळची. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मंगळवारी आणि शुक्रवारी दहा वाजता तिला फिजिओथेरपीला हीच नेते. आता कोण नेणार? ३१ तारखेपर्यंत शाळेला हो की नाही ते कळवायचं आहे.
मी म्हटलं, मी नेईन, माझं ऑफिस अकराला. ही म्हणाली, तू अकरा वर्षांत गाडी चालवलेली नाहीस.
साफ खोटं. मी रोज दोन तास चालवतो. मागच्या खोलीत सिम्युलेटर आहे. खरी सीट, खरं स्टीअरिंग, तीन पेडल, तीन स्क्रीन. वर्षाचे हजारो किलोमीटर होतात. अकरा वर्षांपूर्वी गाडी गेटच्या खांबाला लागली होती, एवढंच. खांब चुकीच्या जागी होता. नकाशे काढण्यात माझी हयात गेली, खांब कुठे असावा हे मला कळतं.
आई म्हणाली, तो म्हणतोय ना, नेईल. मला त्याच्याच गाडीतून जायचंय.
या घरात एकाच माणसाला गाडीतलं कळतं.

६ मार्च, शुक्रवार. सकाळी ९:२०
आमच्या गाडीत जाऊन बसलो. शी. स्टीअरिंगला हिच्या हातांचं क्रीम. दाराच्या खणात गोळ्यांचे चिकट कागद आणि एक मोजा. एकच. सीट अशी की माणूस जेवायला बसल्यासारखा बसतो. चार चाकांत चार तऱ्हेची हवा.
आईला असल्या गाडीतून नेणं हा बेजबाबदारपणा झाला असता. उतरलो. हिने किल्ली घेतली.
संकल्प: पुढच्या शुक्रवारी नक्की. तयारी न करता ट्रॅकवर उतरतात ते हौशी.

७ मार्च, शनिवार
संध्याकाळी मंडळाची बैठक. मंडळ म्हणजे मी, दातांचा डॉक्टर आणि टॉर्क. टॉर्क विमा कंपनीत आहे. भाजीबद्दल बोलतानाही टॉर्क, म्हणजे इंजिनाचा जोर, हा शब्द वापरतो, म्हणून हे नाव.
विषय: स्वप्नातली गाडी. माझी ठरलेली आहे. लाल, दोन दारं, इंजिन मागे. डॉक्टर म्हणाला की त्याला आरामशीर, ऑटोमॅटिक, चामड्याच्या सीटची हवी. म्हणजे सोफा हवा. त्यात हा माणूस बोलताना नखं कुरतडतो आणि त्याच हातांनी लोकांची तोंडं उघडतो. टॉर्कने शेंगदाणे खात खात माझ्या सिम्युलेटरचं स्टीअरिंग धरलं. मीठ अजून खाचांत आहे. टूथब्रशने काढलं. टूथब्रश टॉर्कला द्यायला हवा होता.
पण बैठक वाया गेली नाही. मला सुचलं. घर ते फिजिओथेरपी, हा पूर्ण रस्ता सिम्युलेटरमध्ये बांधायचा. आधी शंभर लॅप, मग आई. मोठे ड्रायव्हर असंच करतात. दोघांनी विषय बदलला. हेव्याने.

१० मार्च, मंगळवार
रजा काढली. ऑफिसातलं मोजणीचं चाक घेऊन रस्ता पायी मोजला. वळणाचा कोन, फुटपाथची उंची, सगळं. बेकरीपाशी होतो तेव्हा ही आईला घेऊन गाडीतून आली. काच खाली करून विचारलं, इथपर्यंत आलाच आहेस तर पुढे तू चालवतोस का? मी म्हटलं, आकडा चुकेल, जा.
चुकलाच. घरापासून पुन्हा मोजलं.

१३ मार्च, शुक्रवार
हिने नेलं. मी गतिरोधक बनवत होतो. एकूण तीन आहेत आणि तिन्ही अत्यंत बेअक्कल माणसाने टाकलेले आहेत.

१५ मार्च, रविवार
ट्रॅक तयार. ४.२ किलोमीटर, अकरा वळणं. बेकरीच्या भिंतीचे पोपडेसुद्धा आहेत. स्वप्नातल्या लाल गाडीने पहिली लॅप २:३१ मिनिटांत.
आईला बसवून दाखवलं. फिजिओथेरपीचं फाटक बघून तिला फार आनंद झाला. अगदी तस्संच आहे म्हणाली. मग म्हणाली, मंगळवारी जायचं ना? म्हटलं, ट्रॅक अजून हाताखाली यायचाय. बरं म्हणाली.

१७ मार्च, मंगळवार
ट्रॅक मंडळाला दिला होता. डॉक्टरने २:१४ मारली. सोफा आवडणाऱ्या माणसाने. दोन पेशंटच्या मधल्या वेळात, दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर. किळस आली.
सकाळभर उत्तर देत होतो. २:१७. आईला हिने नेलं.

२० मार्च, शुक्रवार
टॉर्कने ट्रॅक इंटरनेटवर टाकला, न विचारता. आता सव्वीस जण त्यावर धावतात. कुठल्या तरी परक्या देशातल्या माणसाने दुसऱ्या गतिरोधकाबद्दल तक्रार केली आहे. बेकरीची भिंत कोणीतरी सतराव्यांदा फोडली. मी आठवडाभर पोपडे काढले ते यासाठी नव्हे.
आईला सांगितलं की तुझ्या रस्त्यावर सव्वीस गाड्या आहेत. म्हणाली, त्यातला एखादा मला सोडेल का?
आईचा विनोद पहिल्यापासून बेताचाच.

२४ मार्च, मंगळवार
उजवं मनगट दुखतंय. डॉक्टर आता २:११ वर आहे, त्याच्या नादात. अशा हाताने खरी गाडी चालवणं योग्य नाही. ही म्हणाली, उंटावरून शेळ्या हाकणं पुरे झालं, शाळेला काय सांगू ते सांग. मी म्हटलं, शुक्रवार. लेखी हवं का? हो म्हणाली. कॅलेंडरवर लिहून सही केली. नवराबायकोत ही पाळी यावी.

२७ मार्च, शुक्रवार. दुपारी २:००
जे झालं ते लिहितो.
आई सव्वानऊलाच गाडीत जाऊन बसली होती. पुढे, माझ्या शेजारी. पर्स मांडीवर, पट्टा लावलेला. चांगली साडी. गाडी फाटकातून निघेपर्यंत तीनदा बंद पडली, क्लच भिकार आहे. मग निघाली. बेकरीपर्यंत गेलो.
तिथे माणसं होती. मी भिंत केली, खांब केले, पोपडे केले, माणूस एकही केला नव्हता. एक बाई बाबागाडी ढकलत मधूनच. एक जण फोनमध्ये बघत आडवा. सायकली दोन्ही बाजूंनी. म्हटलं, रस्ता मोकळा झाला की निघू. तो मोकळा होतच नाही. मागून हॉर्न. कोणीतरी आईसमोर घाण शिवी दिली. हात स्टीअरिंगवरून निघेनात, घामाने नुसते चिकटलेले. मलाच माझ्या हातांची शिसारी आली.
आई म्हणाली, सावकाश, मला काही घाई नाही. हे ती तीन-चारदा म्हणाली. मग तिने हिला फोन लावला. ही घरातल्या चपलांवर चालत आली. मी गिअरवरून पाय टाकून मागच्या सीटवर सरकलो, पँट अडकली. लोक बघत होते. हिने गाडी दोन मिनिटांत बाहेर काढली.
फिजिओथेरपीवाली म्हणाली, वेळ संपली, पुढच्या वेळी या.
लाज वाटली. क्लच भिकार आहेच, पण लाज वाटली.

३१ मार्च, मंगळवार
आज हीच आईला घेऊन गेली. परत आल्यावर शाळेला होकार कळवला. मला वाटलं माझ्या भरवशावर. म्हटलं, शुक्रवारपासून मीच.
ही म्हणाली, टॅक्सी ठरवली आहे. ओळखीचा टॅक्सीवाला, त्याच्याशी तिने तीन तारखेलाच बोलून ठेवलं होतं. आईने तेव्हा नको सांगितलं होतं. थांब, तो नेईल, त्याला वाईट वाटेल. चार आठवडे आईच हिला थांब म्हणत होती.
आज सकाळी आईनेच सांगितलं, बोलाव त्या टॅक्सीवाल्याला.

३ एप्रिल, शुक्रवार. सकाळी ९:३०
ही सकाळीच नव्या शाळेत गेली. टॅक्सी वेळेवर आली. गॅलरीतून पाहिलं. मळकी गाडी, मागची काच टेपने चिकटवलेली. टॅक्सीवाला पोट सुटलेला. उतरला, आईचा कोपर धरला, गुडघा वाकू नये म्हणून पुढची सीट मागे सरकवून दिली. आई लगेच त्याच्याशी बोलायला लागली.
बेकरीचं वळण गॅलरीतून दिसतं. तिथे त्याची वळण घ्यायची लाइन साफ चुकली. वर थांबला आणि बाबागाडीवाल्या बाईला जाऊ दिलं. सरळ सहा सेकंद घालवले.

९:५०
ट्रॅक पुसून टाकावा म्हणून मागच्या खोलीत गेलो. पुसण्याआधी एक लॅप मारली. २:०९. डॉक्टर संपला.
सांगायला बाहेर आलो तर घरात कोणी नव्हतं.