एकशेवीसचा रंग

कोरेगाव,
८ जानेवारी १९९५

चि. आम्रपालीस,

दादाचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि. तू कॅन्सरवर काम करतेस हे मी पारावर सांगितल्यापासून घरी माणसांची रीघ आहे. पलटणीत हवालदार होतो तेव्हाही तुझ्या बापाला एवढे सलाम मिळाले नव्हते. शेजारचा गुंडा मानेवरची गाठ दाखवून औषध मागत होता. त्याला तुझ्याकडे सांगलीला पाठवतो. धोंडुबाईच्या पाठीवरही काही आहे, तीही येईल.

तुझ्या त्या एकशेवीस नंबरच्या प्रथिनाचे नाव काढले तर पानपट्टीवाला सिद्धू म्हणाला, पानातला एकशेवीस जर्दा का. त्याला झापला, पण पुढे मलाही सांगता येईना. सोपे करून लिही. आमच्या घरात शिरायची कॅन्सरची छाती नाही, असे मात्र सगळ्यांना ठणकावले आहे.

तुझी आई हल्ली कमी बोलते. घरात शांतता आहे.

अभ्यास सांभाळून आमची आठवण ठेव.
तुझा दादा, धोंडिराम


सांगली,
१९ जानेवारी १९९५

ती. दादांस,

आम्रपालीचा सविनय जयभीम. गुंडाकाका आणि धोंडुमावशी येऊन गेले. काकांची चरबीची गाठ, मावशींचे साधे केसतूड. डॉक्टरांनी तसे सांगितल्यावर मावशी जराशा नाराजच झाल्या.

आता प्रथिनाचे. प्रत्येक पेशीत केंद्रक असते, आणि केंद्रकात एक गडद ठिपका. पेशीला एकीच्या दोन व्हायचे असले की त्या ठिपक्यात हे प्रथिन जमते. स्वस्थ पेशीत ते जवळजवळ दिसत नाही, कॅन्सरच्या पेशीत रेलचेल असते. गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन मी त्याला रंग देते. प्रथिन असेल तिथे तपकिरी ठिपके उमटतात. माझे काम तिथे संपते. मी डॉक्टर नाही, माझ्याकडे औषध नाही. हेही पारावर सांगाल का?

साक्षरता वर्गाला जायला लागल्यापासून आई प्रत्येक पत्राखाली दोन ओळी लिहायची. या वेळी का नाहीत?

रागावू नका, माया असू द्या.
आपली आम्रपाली


कोरेगाव,
२५ जानेवारी

माजी बाय आम्रपाली,

आयेचा जयभीम. दादा पेन्शनीच्या कामाला साताऱ्याला गेल्यात म्हणून लिवते. तुजं पत्र त्यांनी वाचून दावलं. ठिपक्याचं मला समजलं.

माज्या डाव्या छातीत गाठ हाय. दिवाळीपासनं हाय. दुखत न्हाई म्हणून गप ऱ्हायले. दादांनी गावभर सांगितलंय की आमच्या घरात यायची कॅन्सरची छाती न्हाई. आता मी कुठल्या तोंडानं सांगू. लोक म्हणतील, पोरगी कॅन्सरचं शिकती आन आयलाच झाला. गुंडाला गाडीत बसवून दिला तवा वाटलं आपुन बी जावं. पर त्याच्यासंगं कशाला, म्हणून मागं फिरले.

ते ठिपके मला बी हायत का, बघशील?

हितं काळजी करू नगं. जेवत जा.
तुजी आये, भामाबाई


सांगली,
२६ फेब्रुवारी १९९५

ती. दादांस,

सविनय जयभीम. ऑपरेशनची जखम भरत आली आहे. आई कालपासून माझ्या खोलीवर हिंडतेफिरते, आणि माझ्या स्वयंपाकाला नावे ठेवते.

एक गोष्ट तुमच्या कानावर घालते. आईच्या गाठीचा काप आमच्याच प्रयोगशाळेत आला. त्यावर नाव नव्हते, पण मला माहीत होते. रंग मीच दिला. इतका स्वच्छ, इतका गडद रंग आजवर माझ्या हातून उतरला नव्हता. सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला, माझी पाठ थोपटली, आणि याचाच फोटो शोधनिबंधात छापू म्हणाले. मी आभार मानले. सगळे गेल्यावर सांगितले, ही माझी आई आहे. सरांनी काच परत डब्यात ठेवली. मग म्हणाले, घरी विचारा.

रोग काखेपर्यंत पोचला होता, म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शने सांगितली आहेत. माझ्या रंगाने त्यात काही ठरवले नाही. तो एवढेच सांगतो की या पेशींना घाई होती.

निघताना तुम्ही दवाखान्याच्या पायरीवर विचारलेत, मी शेजारी असून मला का नाही कळले. त्याचे उत्तर आता लिहिते. दादा, ती तुम्हाला भीत नव्हती. तुमचा शब्द खाली पडू देत नव्हती.

फोटोचे आईला विचारले. छाप म्हणाली. तुमचे कळवा.

आपली आम्रपाली


कोरेगाव,
१० डिसेंबर १९९५

माज्या बाळा,

आयेचा जयभीम. इंजेक्शनं सरली, आता केस उगवाय लागल्यात. तान्ह्या पोरागत मऊ हायत. डॉक्टर म्हणाले सध्या तरी कुठं काय दिसत न्हाई, पर दाखवाय येत ऱ्हावा.

मागल्या आळीची चंद्राबाई परवा मला घरात वडून न्हेऊन गाठ दावाय लागली. सोमवारी तिला घिऊन येते. तिच्या मालकास्नी दादांनीच जाऊन सांगितलं. काय सांगितलं ते मला सांगत न्हाईत.

तुजा छापलेला फोटू पोचला. दादांनी चष्मा लावला, उजेडात धरला, लय येळ बघितला. म्हणाले, काय सुंदर आलाय गं. मग त्यांच्या ध्यानात आलं ते काय हाय. फोटू माज्या हातात दिला आन पाठ फिरवून परड्यात जाऊन हुबं ऱ्हायले.

मी च्या ठेवला हाय. आता त्यास्नी हाक मारते.

तुजी आये, भामाबाई