नाही म्हणायला दार लागतं

प्रिय हिरुत, माझ्या डोळ्यांतल्या बाहुले,

सगळ्यात आधी पोचला तो म्हातारा. लॅक्लनचा आजोबा, क्लाइव्ह. आमची लिफ्ट परत बंद, म्हणून चार जिने चढून आला. दारात उभा राहून आधी धापा टाकल्या, मग टोपी काढली, मग पायपुसण्यावर बूट इतके घासले की त्या पायपुसण्याला आजवर एवढा मान कुणी दिला नसेल. मागून त्याचा मुलगा रॉस, सून हेदर, आणि सगळ्यात शेवटी तुझा लॅक्लन. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं आणि चेहरा असा की जणू त्यालाच कापायला आणलंय.

तू फोन उचलत नाहीस ते मला समजलंय. आजीने मागणीला नाही म्हटलं, असं लॅक्लनने तुला खाली गाडीत बसूनच कळवलं ना? खरं आहे. म्हटलं. आणि म्हटलं याचा मला काडीचा पस्तावा नाही. पण कसं म्हटलं ते त्या पोराला कळलं नाही, आणि तुलाही कळलेलं नाही. बोलून पाठवलं असतं तर अर्ध्यात बंद केलं असतंस. कागद आला की माणूस रागारागाने का होईना, शेवटपर्यंत वाचतं. आमच्या गावात अक्षरं शिकवायला मास्तर आला तेव्हा मी तुझ्या आईला पाठीवर बांधून शिकायला बसत होते. म्हणून अक्षर वाकडं आहे. म्हणणं सरळ आहे.

तर ते आले उशिरा. मी बोलावलं होतं चार वाजता. चार म्हणजे चार, सूर्य उगवल्यापासून मोजायचे, इथल्या लोकांचे सकाळचे दहा. कोंबडीचा रस्सा आदल्या दिवसापासून शिजवलेला, कांदा तर इतका परतला की शेजारची व्हिएतनामी बाई विचारायला आली, कुणाचं लग्न आहे का. म्हटलं, अजून नाही. आपला गेताहुन सकाळीच पांढरी शाल पांघरून हजर, दुभाषा म्हणून, माझं त्यांना आणि त्यांचं मला सांगायला. आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. गेताहुन दोनदा जेवला आणि सोफ्यावर घोरायला लागला. शेवटी दुपारी चारला बेल वाजली. लॅक्लन म्हणतो, आजी, तुम्हीच चार म्हणाला होता. मी म्हटलं, बाळा, चार वाजून गेले, सूर्य काय तुझ्यासाठी दुपारी उगवतो? तो बिचारा माफी मागायला लागला. घड्याळ त्यांचं चुकलेलं, पण रीतभात बरी आहे हो.

तू मला फोनवर काय काय बजावलं होतंस ते सगळं लक्षात होतं. धूप लावू नकोस. खाली बसून कॉफी भाजत बसू नकोस. कुणाच्या तोंडात घास कोंबू नकोस. गावाकडच्या गोष्टी नकोत. चहा, बिस्किटं, हो म्हण आणि मोकळी हो. सगळं लक्षात होतं आणि त्यातलं एकही ऐकलं नाही. बिस्किटं आणली होती, ती गेताहुनने खाल्ली.

जमिनीवर हिरवं गवत पसरलं, शेगडी मांडली, कॉफीचे दाणे भाजायला घेतले. धूर झाला तशी हेदर उठली आणि खिडकी उघडली. मी कढई उचलून तिच्या नाकाखाली धरली. गेताहुन म्हणाला, असा हाताने वास ओढून घ्या. तिने घेतला. मग आपणच खिडकी लावली. रॉस म्हणाला, मेलबर्नमध्ये कॉफी फार चांगली मिळते, इटालियन लोकांनी आणली. मी गेताहुनला म्हटलं, यांना सांग, इटालियन आमच्याकडेही आले होते, तोफा घेऊन. आम्ही त्यांना परत पाठवलं आणि कॉफी ठेवून घेतली. म्हातारा असा हसला की कप हिंदकळला. त्याच क्षणी मी ठरवलं, यांच्या घरात माणूस आहे.

हेदर वाईट नाही. पण बायकांना कधीकधी दया आवरत नाही. तिने माझा हात हातात घेतला आणि डोळे भरून म्हणाली, तुम्ही केवढं सोसलंत. आम्ही शाळेत असताना तुमच्या देशातल्या दुष्काळासाठी डब्यात नाणी टाकायचो. पोरी, तुला ठाऊक आहे, हे वाक्य मी या देशात किती जणांच्या तोंडून ऐकलंय. बसमध्ये, दवाखान्यात, एकदा तर दात काढताना, तोंडात चिमटा असताना. याआधी मी मान डोलवायचे. त्या दिवशी नाही डोलवली. म्हटलं, नाणी पोचली, आभारी आहोत. आता दुसरा कप घ्या आणि वर बघा. आणि भिंतीवरची आपली देवळाची तसबीर दाखवली.

ती म्हणाली, किती सुंदर, पण छप्पर जमिनीलगत कसं? म्हटलं, बाई, आमच्याकडे देऊळ बांधत नाहीत. डोंगर असतो, त्यात देऊळ असतं, नको तेवढा दगड काढून टाकायचा. आधी छप्पर मोकळं करायचं, मग भिंती, मग खिडक्या, सगळ्यात शेवटी उंबरा. एक छिन्नी चुकली तर दुसरा डोंगर आणणार कुठून? रॉसने विचारलं, बाहेरून कुणी कारागीर आले असतील ना? आले होते की. दिवसा आमची माणसं काम करायची आणि रात्रपाळीला देवदूत. दुसरं कुणी नाही. गेताहुनने हे इतक्या गंभीरपणे सांगितलं की रॉसने मान हलवून घेतली.

मग मी थांबते होय? लहान असताना आईचं बोट धरून, अनवाणी, दोन खोरी ओलांडून ख्रिसमसला त्याच देवळात, लालिबेलाला गेले होते ते सांगितलं. कड्याशी पोचलो आणि आईने माझी मान धरून खाली वाकवली, तर पायाशी आख्खं देऊळ, क्रूसासारखं, आणि आतून ढोल ऐकू येतोय, जणू डोंगराची छाती धडधडतेय. जगातले लोक देवळाकडे मान वर करून बघतात. आम्ही खाली बघतो आणि तरी ताठ असतो. लाल छातीच्या माकडांचंही सांगितलं, कड्यावर बसून म्हाताऱ्यांसारखी गवत निवडत गप्पा मारतात. क्लाइव्ह म्हणाला, आमच्या गावच्या क्लबात अशी बरीच आहेत. वर्षाला तेरा महिने सांगितल्यावर हेदर म्हणाली, तेरा? म्हटलं, तुम्ही बारातच कसं भागवता?

जेवताना मी म्हाताऱ्याला घास भरवला. आंबलेल्या इंजेरा भाकरीचा मोठा तुकडा, रस्सा, अंड्याची फोड, सगळं एकत्र. त्याने लहान मुलासारखा आ केला. एका घासाने भांडण होतं म्हणून दुसराही दिला. तो बराच वेळ चावत राहिला. मग म्हणाला, आईनंतर कुणी भरवलं नव्हतं. आणि नाक पुसलं, तिखट फार आहे म्हणून. तिखट मी कमीच टाकलं होतं.

दुसरा कप झाल्यावर तो उठून उभा राहिला. हातात टोपी. कुणीतरी शिकवलं असणार, कारण बरोब्बर आपल्या रीतीने, बसून नाही, उभं राहून म्हणाला, तुमची हिरुत आमच्या लॅक्लनसाठी मागायला आलोय. हिरुत, तुझं नाव त्याने नीट उच्चारलं. 'त' सकट. मी पाठ सरळ केली आणि जे म्हणायचं असतं ते म्हटलं. आमच्याकडे द्यायला मुलगी नाही. आमची पोर लहान आहे. आल्या वाटेने जा.

आता इथे गेताहुनने घोळ केला. त्याने शब्दाला शब्द सांगितला आणि रीत खिशातच ठेवली. नंतर म्हणतो, ताई, मला वाटलं एवढं सगळ्यांना माहीत असतं. कुणाला माहीत असणार रे, मेंढ्या पाळणाऱ्या लोकांना? लॅक्लन पांढरा पडला, म्हणजे होता त्याहून. हेदर दोनदा म्हणाली, आम्ही काही चुकीचं बोललो का. रॉसने गाडीची किल्ली काढली. तिसरा कप शेगडीवर चढलेला, आशीर्वादाचा कप, आणि तो न घेता सगळे जिन्याने खाली. मी हाक मारत होते, पण इंग्रजीत थांबा म्हणायचं ते ऐनवेळी आठवेना आणि गेताहुन चपला शोधत होता.

मी शेगडीजवळ बसून राहिले. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मलाही वाटलं, चुकलं की काय. पोर म्हणत होती, हो म्हण आणि मोकळी हो. तेवढ्यात परत धापा ऐकू आल्या. दारात क्लाइव्ह. टोपी विसरली म्हणाला. टोपी गवतावर, माझ्या शेजारी पडलेली. विसरला की मुद्दाम ठेवली, देव जाणे. मी तिसरा कप भरून पुढे केला. त्याने घेतला, सगळा प्यायला, आणि गेताहुनकरवी म्हणाला, मी उभा जन्म मेंढ्यांच्या बाजारात घालवला. चांगला माल पहिल्या बोलीला कुणी देत नाही. किती वेळा यायचं ते सांगा. तुझी बरोबरी त्याने मेंढीशी केली, पण मी सोडून दिलं, कारण मेंढ्यांवर त्याचा जीव आहे. मी तीन बोटं वर केली आणि एक मिटलं. तो म्हणाला, बरं. गुडघे टिकले पाहिजेत.

तुला वाटत असेल, आजी हट्टी आहे, लॅक्लन परका म्हणून अडवते. तसं असतं तर कोंबडी कापली असती का गं? तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुझ्या आईला मागायला कुणी आलं नव्हतं. सुदानच्या छावणीत, पाण्याच्या रांगेत, तुझ्या बापाने विचारलं आणि त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. बाप तुझा चांगला होता, त्याचं काही नाही. पण हो म्हणण्यावाचून आमच्याजवळ दुसरं काय होतं? तंबूला दार नसतं. कनात असते, ती वाऱ्यानेही उघडते. कुणाला आल्या वाटेने जा म्हणायचं तर दार लागतं, उंबरा लागतो, आणि आपल्या मागे काहीतरी आहे हे माहीत असावं लागतं. तुझी आई गेली तोवर तिला एकदाही कुणी दोनदा मागितलं नाही. तुला तीनदा मागतील. या चार जिन्यांवरून, लिफ्ट बंद असताना, टोपी हातात धरून. माझ्या दाराला कडी आहे आणि ती मी दोनदा लावणार, तिसऱ्यांदा उघडणार. पुढच्या खेपेला तुला बाहेर यायचं नाही, आतल्या खोलीत बसून भिंतीला कान लावायचा. म्हणून लिहिलं. तिकडे डार्विनला तुझ्या दवाखान्यात रजा टाक आणि ये. नाही म्हणतानाचा माझा आवाज तू ऐकायला हवास, त्यात हो कुठे बसलेलं असतं ते तुला कळेल.

क्लाइव्हने यायचं कबूल केलंय, आपल्या नव्या वर्षानंतर येणाऱ्या पहिल्या शनिवारी, चार वाजता. जिन्यावरून उतरताना त्याने थांबून विचारलं, सूर्याचे चार ना? मी म्हटलं, सूर्याचे.

तुझीच,
तुझ्या आईची आई,
वर्कनेश