एकशे आठ गोळ्या आणि ट्राउटचा हंगाम

बसवनगुडी, बेंगळूर
सोमवार, १८ सप्टेंबर १९९५

साडूभाऊ उपेंद्रराव यांस,

सूर्यकांतचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे उभ्याउभ्याच घातला आहे, गोड मानून घ्यावा). इकडे सर्व ठीक. तुमचा खोकला काय म्हणतो? उटीच्या गारठ्यात भल्या पहाटे ओढ्यात उभं राहून मासे धरणाऱ्या माणसाला खोकला नाही होणार तर काय होणार, असं तुमच्या मेहुणीचं, म्हणजे आमच्या प्रमोदिनीचं, मत आहे. मी तुमची बाजू घेतली. तीन दिवस मलाही काढा मिळाला.

आता मुद्दा. आमच्या शंतनूनं अमेरिकेहून लिहिलं की, तो तिथं सुट्टीत नदीवर स्टीलहेड नावाचा मासा धरतो. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जातो, तिथं खाऊनपिऊन दांडगा होतो आणि मग न चुकता आपल्या जन्माच्या नदीत परत येतो. (प्रमोदिनीनं एवढंच वाक्य मला तीनदा वाचायला लावलं आणि मग उगाचच फोडणी करपवली.) शेवटी लिहिलं होतं, ‘बाबा, आलो की आपण दोघं मासे धरायला जाऊ.’ मी उचलली जीभ लावली टाळ्याला: उलटटपाली कळवलं की, अरे, मी आणि तुझे उपेंद्रकाका दर हंगामाला ट्राउट धरतो, उटीचे मासे मला चेहऱ्यानं ओळखतात. वास्तविक मी आजवर धरलेला एकमेव जलचर म्हणजे हौदातला बेडूक. तोही निसटला.

तेव्हा हंगाम ठरवायला बसलो. एका हाती तुमचं पत्र, दुसऱ्या हाती पंचांग. चैत्रात रामनवमी, गळाचं नाव काढायचं नाही. वैशाख-ज्येष्ठात लग्नं. पुढं प्रमोदिनीचा चातुर्मास, म्हणजे चार महिने घरात माशाचं चित्रसुद्धा चालत नाही (शंतनूनं पाठवलेला फोटो मी विम्याच्या कागदांत लपवला आहे). मार्गशीर्षात तिचे गुरुवार. आणि पंचांग जरा मोकळं होतंय म्हणावं, तर तुमचे मासे बाळंतपणाला बसतात. थंडीत अंडी घालतात म्हणून जानेवारी संपेपर्यंत सरकारी मनाई, असं तुम्हीच लिहिलंत. सगळं वजा जाता उरतो फेब्रुवारी. हे सहज सांगितलं, लक्षात असू द्या.

हंगाम पुढं बघू, आधी हात बसू दे, म्हणून तुम्ही पाठवलेली गळाची काठी घेऊन परवा शनिवारी आनेकलच्या बाजूच्या तळ्यावर गेलो. चातुर्मासात परवानगी कशी मिळाली म्हणाल, तर ज्योतिषी रघुपतिशास्त्र्यांच्या कृपेनं. मुलगा परदेशातून परत यावा म्हणून पाच शनिवार माशांना एकशे आठ कणकेच्या गोळ्या घाला, असं त्यांनी प्रमोदिनीला सांगितलं आहे. मी म्हटलं, काठीच्या दोरानं गोळी लांबच्या गरीब माशांपर्यंत पोचवता येईल. ती काही बोलली नाही. (पंचवीस वर्षांच्या संसारात मी तिच्या न बोलण्यालाच भीत आलो आहे.)

काठावर मी उजवीकडं, ती डावीकडं. ती देवाचं नाव घेऊन एकेक गोळी सोडायची आणि सगळं तळं तिच्या पायाशी गोळा व्हायचं. माझ्या गळाकडं एक मासा आला, त्यानं वास घेतला आणि पंगतीत परत गेला. शेजारी म्हशी धूत असलेला म्हातारा कळवळून म्हणाला, “मीनदु ऊट आयतु, सार!” माशांचं जेवण झालं म्हणे! मला राग आला. पदर खोचून काठी डोक्यावरून गरगरा फिरवावी तशी (पदर नव्हता, पण आवेश तोच) फिरवली, आणि काहीतरी जड लागलं! मी ओरडलो, जोर लावून भिरकावलं. ती प्रमोदिनीची पिशवी होती. उरलेल्या साठ गोळ्या, वेलची केळी आणि माझा चष्मा यांच्यासकट तळ्याच्या मधोमध जाऊन पडली. प्रमोदिनी शांतपणे म्हणाली, “सरी, ठीक आहे, आजच्या एकशे आठ झाल्या.”

परतीच्या बसमध्ये मात्र ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “अहो, त्या माशाला कसं कळत असेल, आता परत जायचं म्हणून?” तीन वर्षं झाली हो पोराला बघून. त्याच्या खोलीत मी रोज काहीतरी शोधायला जातो.

कळावे, लोभ आहेच, खोकला मात्र नसावा.

तुमचा,
सूर्यकांत

ता. क. पत्र खरं म्हणजे याचसाठी लिहिलं. शंतनू वीस डिसेंबरला येतोय, फक्त बारा दिवसांसाठी. तुम्ही जाणते, तुमचं तो ऐकेल. त्याला लिहा की ट्राउटची मनाई फेब्रुवारीत उठते, तेव्हा तिकीट पुढं ढकल, नाहीतर आलास तसा तोवर राहा. माझं नाव नको.

ता. क. २. आणि रजा मिळत नाही, मग येतच नाही, असं काही म्हणाला, तर लगेच दुसरं पत्र टाका की डिसेंबरात मनाईबिनाई काही नसते, मासे नुसते उड्या मारत असतात. बारा तर बारा. ते पत्र आजच लिहून खिशात ठेवा.