डॉक्टरांपुढचा हळू आवाज

आबा, तुमच्या लेकीचा आवाज गेला होता आणि तो परत आला, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही गेल्याला सात वर्षं झाली होती. दुसरीच्या वर्गात शिकवताना शब्द माझ्या घशातच आवळले जाऊ लागले. "आंबा" म्हणायला जावं तर "आं"वरच कुणीतरी गळा धरल्यासारखं व्हायचं. मुलं आधी हसली, मग गप्प झाली, आणि ते गप्प होणंच जास्त लागलं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमी आता ऑफिसचं बघा. वर्ग दुसऱ्याला देऊत." माणूस वाईट नाही, पण वर्ग गेला तर माझ्याकडे उरतं काय? उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि डॉक्टर शोधायला निघाले.

धारूर झालं, आंबेजोगाई झाली, बीड झालं. प्रत्येकानं घशात दुर्बीण घातली आणि प्रत्येकानं सांगितलं, "घसा एकदम साफ हाय ताई, टेन्शन घेऊ नका." एकानं तर झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या खाऊन मी वर्गात पेंगले, आवाज मात्र तसाच. चूक त्यांची होती तशी माझीही होती, आणि थोडी तुमची. आठवतं? मी आठ-नऊ वर्षांची आहे, आपल्या मेंढ्यांपाशी गिऱ्हाईक आलंय, तुम्ही विकायच्या एडक्याचं कौतुक करताय आणि मी लांबून ओरडते, "आबा, त्यो लंगडतो की!" तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "मोठ्यायपुढं आवाज चढवायचा न्हाई, माय. हळू बोलावं." गिऱ्हाईक हसत निघून गेलं. संध्याकाळी तुम्ही माझ्या ओंजळीत बोरं ओतलीत, पण बोललेलं मागं घेतलं नाहीत. तेव्हापासून खुर्चीत बसलेल्या कुठल्याही मोठ्या माणसापुढं मी पदर सावरून, नुसत्या श्वासावर बोलते. डॉक्टरांपुढंही तशीच बोलले.

शेवटी संभाजीनगरच्या एका वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी माझा वर्गातला व्हिडिओ मोबाईलवर ऐकला आणि म्हणाल्या, हे घशाचं नाही, मेंदूकडून येणाऱ्या हुकमाचं असणार; आवाजाचे आणि मेंदूचे डॉक्टर एकत्र बसतात तिथं जा. म्हणून पुणे गाठलं. आवाजाच्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. त्यांनी दुर्बीण बाजूला ठेवली आणि डोळे मिटून ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही कुजबुजताय. कुजबुजताना हा आजार लपतो. मी तुमच्या वर्गातली मुलगी आहे, मला शिकवा. मोठ्यानं." शेजारी मेंदूचे पिकल्या केसांचे डॉक्टर बसलेले. माझा हात पदराकडे गेला. तरी उभी राहिले आणि भर दवाखान्यात मोठ्यानं शिकवायला लागले. दर दुसऱ्या शब्दाला आवाज तुटत होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई हसून म्हणाल्या, "सापडला."

स्पास्मोडिक डिस्फोनिया म्हणतात त्याला. बोलताना मेंदू चुकीचा हुकूम सोडतो आणि स्वरतंतू एकमेकांवर घट्ट आवळले जातात. मुळापासून बरा होत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण दर तीन-चार महिन्यांनी गळ्यातून बारीक सुई स्वरतंतूंच्या स्नायूत घालून औषध सोडतात, की आवळणं ढिलं पडतं. पहिले आठ-दहा दिवस आवाजात नुसती हवा असते, पाणी पिताना ठसका लागतो. मग मोकळं बोलता येतं. चार सुया झाल्या. दुसरीचा वर्ग माझ्याकडेच आहे, आणि मी सोडेन असं कुणी समजूही नये.

हा कागद वह्यांच्या गठ्ठ्याखाली राहील, कुठं पाठवायचा नाही. एवढंच सांगते, आबा. मला अजूनही बाजारात तुमच्यासारखी पाठमोरी माणसं दिसली की पाय थांबतात, इतके आठवता तुम्ही. पण त्या दिवशी पुण्यात तुम्ही शेजारच्या खुर्चीत असता, तर मी तोंड उघडलं नसतं. तुम्ही तिथं नव्हतात, याचं मला बरं वाटलं.