कापूस भरलेली टोपी

८ फेब्रुवारी १९३२

पुन्हा पडला! टांगा चुकवताना सायकल घसरली. कपाळाला तीन टाके. चन्नप्पा — माझा एकुलता एक, तिशीचा घोडा!

डॉक्टर म्हणाले, "सायकलवर बसायचं तर सोला टोपी घाला, साहेब लोक उन्हात घालतात ती टणक. बाहेर फुटलं तर मी शिवीन. आत काही हललं तर?" मला पटलं. बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टर क्लेअर उन्हात निघाल्या की शिरोवस्त्रावर सोला टोपी चढवायच्या. आम्ही मुली खिडकीतून हसायचो. त्यांनी कधी पर्वा केली नाही. कुठे गेले ते दिवस!

या डोक्याची टाळू मी रोज तेलाने भरलेली. सांगू कोणाला!

९ फेब्रुवारी

वाद. "साहेबाची टोपी मी घालणार नाही, अव्वा." विणकरांच्या घरोघर रंग विकायचा त्याचा धंदा. "ती टोपी दिसली की बायका दार लावून घेतील — सरकारी पट्टी वसूल करणारा आला म्हणून. मग रंग कोण घेणार?"

म्हटलं, मग वडिलांसारखा डोक्याला रुमाल बांध, चांगला जाड.

"मी रंग विकायला जातो, नवरी आणायला नाही!" हसला, आणि टाका ताणला म्हणून कळवळला.

डोकं त्याचं, हे खरं. पण काळजी माझी ना?

१२ फेब्रुवारी

तानाबाई भांडी घासताना म्हणते, "लई वाईट ती सायकल, बाई. फुडं बगावं का पाय हलवावं?"

१५ फेब्रुवारी

सुचलं! खादीची पांढरी टोपी तो घालतोच. दोन टोप्या एकात एक, मधे कापूस, वरून दुलईसारखे बारीक टाके. सिस्टरांनी शिकवलेलं शिवण असं कामी आलं.

"उशी घेऊन फिरू?" म्हणाला. पण घातली. मग लाटणं घेऊन स्वतःच्याच डोक्यावर दोनदा हाणलं — जोरात! "लागत नाही की, अव्वा!" मी ओरडले. तो खूश.

२३ फेब्रुवारी

रोज घालून जातो. किती दिवसांनी शांत वाटलं.

४ मार्च

चन्नप्पाला पकडलं. बाजारात काँग्रेसची मिरवणूक, लाठ्या चालल्या. फौजदाराने टोपी उसवली, कापूस निघाला. म्हणे, "हा तर तयारीनेच आलाय!" माझा कापूस. माझे टाके.

वकील शंकरप्पा धीर देतात. "आईसाहेब, तुम्ही साक्ष द्या. सायकलवरून पडतो म्हणून शिवली. वाटेने जात होता, गर्दीत सापडला. सुटेल." देईन! त्याला राजकारणाचं काय? पेपर उघडतो तो सुताचा भाव बघायला.

५ मार्च

शंकरप्पांनी विचारलं, सायकल कुठे आहे? पोलिसांकडे तर नाही.

मागच्या अंगणात गेले. भिंतीला टेकून उभी. चाकांत हवा नाही. हँडलपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं!

रोज दारात उभी राहून टोपी तेवढी बघत होते. सायकल बघितलीच नाही. मग हा पायी कुठे जात होता?

शंकरप्पांना काही बोलले नाही.

६ मार्च

भेट मिळाली. खांदा सुजलाय. "डोकं बरं आहे, अव्वा." मी म्हटलं, साक्ष देते. सायकलसाठीच शिवली, एवढंच सांगेन. ते खरं आहे.

"पुढचा प्रश्न विचारतील. तुला खोटं बोलता येत नाही. सिस्टरांनी बिघडवलंय तुला." मग हळूच, "आणि मला वाट चुकलेला म्हणून सुटायचं नाही."

रडले नाही तिथे. घरी आल्यावर रडले.

९ मार्च

साक्ष दिली नाही. सहा महिने सक्तमजुरी. शंकरप्पा माझ्याशी बोलेनात. "आई असून!" म्हणाले.

१४ मार्च

शेजारच्या मुक्ताबाई आल्या. पदराआडून मुलाची टोपी काढली. "एवढी शिवून द्याल?"

त्यांच्या घरी सायकल नाही.

मी कापूस पिंजायला घेतला.