फोटो त्याचे, लाकूड माझे

मी, सुशीला नागोराव वाढई, वय ६८, मराठीची निवृत्त प्राध्यापिका, जन्माने आणि हाताने सुतार, राहणार येरवडा, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. अर्णव परांजपे यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल ते तितक्या खात्रीने बोलले नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. राग आहे. राग म्हणजे दबाव नव्हे, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

मी अविवाहित आहे. मृत्युपत्र न करता गेले तर माझे सर्व काही थोरला भाऊ दिगंबर याच्याकडे जाईल. त्याला हे ठाऊक आहे. तो थांबला आहे. त्याला माझे घर नको, हत्यारे नकोत. त्याला एक फळी हवी आहे. "सुशी गेली की ती आपोआप आपल्याकडेच येते," असे तो मुलाला म्हणाला, आणि सुनेने मला सांगितले. हे मृत्युपत्र मुख्यतः त्या फळीसाठी आहे. बाकीची कलमे आधी उरकते.

कलम १. येरवड्यातील दोन खोल्या आणि खालची शेड दिगंबरची सून उत्कर्षा हिला द्यावी. तिच्या एकटीच्या नावावर. तिचा नवरा पुष्कर, म्हणजे माझा भाचा, याला तिथे राहायचे असल्यास त्याने तिची परवानगी घ्यावी. उत्कर्षाच का, ते कलम ४ मध्ये येईल.

कलम २. बँकेतील शिल्लक एखाद्या जनावरांच्या दवाखान्याला द्यावी. कोणत्या, ते या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी (कलम ३) ठरवावे. देणगीदार म्हणून माझ्या नावाची पाटी लावू नये. पाट्यांचा माझा अनुभव चांगला नाही.

कलम ३. वडिलांचा रंधा, वाकस, पटाश्या आणि माझी सर्व हत्यारे दीपाली भीमराव गजभिये यांना द्यावीत. त्या टपाल खात्यातून निवृत्त झाल्या, समोरच्या इमारतीत राहतात, आणि निवृत्तीनंतर माझ्याकडे सुतारकाम शिकल्या. करवत अजून वाकडी धरतात. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक त्याच आहेत.

कलम ४. आता मूळ विषय.

आम्ही आर्वीकडचे. वडील गावचे सुतार. दिगंबर पुण्यात आला आणि फोटोग्राफर झाला. मी शिकायला आले आणि शिकवायला राहिले. पुण्याच्या आसपासच्या गावांत जनावरे होती तोवर आम्ही दर रविवारी मोटारसायकलवरून जायचो. दिगंबर जनावराचा फोटो काढायचा. मी त्याच जनावराची जुनी गव्हाण मागून घ्यायचे आणि बदल्यात नवी करून द्यायचे.

गव्हाणीची फळी म्हणजे जनावर जिच्यावर वर्षानुवर्षे मान टाकते, जिला चाटते, कुरतडते. चाटलेली जागा खोलगट आणि गुळगुळीत होते. कुरतडलेल्या जागी फक्त खालच्या दातांचे व्रण असतात, कारण गाईबैलांना वरचे पुढचे दात नसतात. मी फळी धुवायचे, सुकवायचे. फोटो काजळीच्या शाईत छापून घ्यायचे, डिंकाने फळीवर पालथा चिकटवायचे, आणि वाळल्यावर पाणी लावून कागद अंगठ्याने चोळून काढायचे. कागद जातो, शाई लाकडात राहते. जनावराचे तोंड त्याच्याच दातांच्या खुणांवर यावे, अशी जागा धरायचे. काम हेच होते. बाकी तयारी.

त्यात माझे अंगठे झिजले. सरकारी कार्यालयातील यंत्र आता माझा ठसा घेत नाही. म्हणून या कागदावर सहीच आहे.

या फळ्यांच्या प्रदर्शनांच्या निमंत्रणपत्रिकेवर छापलेले असायचे: छायाचित्रे, दिगंबर वाढई. खाली बारीक अक्षरांत: चौकटी, सुशीला. आडनाव जागेअभावी गाळायचे.

अशाच एका प्रदर्शनात एका बाईंनी विचारले, "लाकूड फार वेगळं वाटतं हो हे. कुठलं?"

दिगंबर म्हणाला, "ते खातं बहिणीचं. आमच्यात वाटणी अगदी स्वच्छ आहे. फोटो माझे, लाकूड तिचं."

लोक हसले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. उत्कर्षा तेव्हा नवी सून होती. तिने ट्रे माझ्या हातातून घेतला, दिगंबरच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, आत्यांना लाकूड दाखवायचंय." दिगंबर ट्रे घेऊन उभा राहिला. बाईंना मी दातांच्या खुणा दाखवल्या. घर उत्कर्षाला का, त्याचे उत्तर एवढेच.

दिगंबरचे वाक्य साठ-सत्तर माणसांनी ऐकले. त्याला तो विनोद वाटला. मला ते वाटणीपत्र वाटले.

कलम ५. पुढे दिगंबरने मला न विचारता सहा फळ्या खराडीतील एका कंपनीच्या स्वागतकक्षासाठी देऊन टाकल्या. पुष्कर तिथे नोकरीला आहे. त्यानेच ते जमवले. मी बघायला गेले. बैलाच्या तोंडावर हात ठेवला. तोंड गुळगुळीत होते.

पहारेकरी म्हणाला, "मॅडम, टच नाही करायचं."

"मीच केलंय हे."

"तरी पण नाही करायचं, मॅडम."

पुष्कर लिफ्टमधून खाली आला. "अगं आत्या, ते खड्डे होते ना, ते आम्ही फिल करून घेतले. वरनं मेलामाइन मारलं. लॉबीला प्रॉपर फिनिश लागतं. बाबांना फोटो पाठवले होते, ते म्हणाले मस्त."

"ते खड्डे नव्हते. दात होते."

"हो, पण कोणाला कळतच नव्हतं ना ते."

दारांच्या भोकांत भरतात ती लांबी त्यांनी दातांत भरली होती. मी तिथूनच दिगंबरला फोन केला. "दादा, तू दात बुजवायला दिलेस?"

"कसले दात? फोटोला कुठे धक्का लागलाय? फोटो आहे तसाच आहे की."

तीस वर्षे तो माझ्या फळ्यांसमोर उभा होता. फोटो बघत होता.

त्या सहा फळ्यांवर माझा किंवा माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही. लांबीवर मी हक्क सांगत नाही.

कलम ६. गेल्या वर्षी दिगंबरच्या पन्नास वर्षांच्या कामाचे प्रदर्शन ठरले. त्याने पूर्वी एकदा नुसते कागदावरचे फोटो लावून पाहिले होते. लोक आले आणि "लाकडावरचे कुठे आहेत?" असे विचारून गेले. त्यामुळे आता त्याला माझ्या शेडमधील सगळ्या फळ्या हव्या होत्या.

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते की माझ्या पश्चात दीपालीताईंनी प्रत्येक फळीवरून अर्धे सूत रंधा मारावा, म्हणजे एका इंचाचा सोळावा भाग काढावा. फोटो तेवढ्यातच असतो. दीपालीताईंनी मसुदा वाचला आणि चष्मा काढला.

"अहो, यात तुमचंही जातंय की."

"जाऊ दे."

"आणि माझ्या हातानं का? राग तुमचा आणि घाम माझा, हे बरंय. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली मी. फाडलं एकही नाही."

त्यांचे म्हणणे रास्त होते. ते कलम मी काढून टाकले आणि काम स्वतः केले. डॉक्टरांनी जिना वर्ज्य सांगितला होता. रंध्याबद्दल काही म्हणाले नव्हते.

रंधा मारताना आधी अंग जाते, मग शिंगे, मग कान. डोळा शेवटी जातो, तिथे शाई दाट असते. दातांच्या खुणा अर्ध्या सुतापेक्षा खोल असतात. त्या राहिल्या. मला आनंद होईल असे वाटले होते. झाला.

दिगंबर टेम्पो घेऊन आला. एका फळीवरचे गोणपाट त्याने काढले, मग दुसऱ्या, मग सगळ्या.

"सुशी, फोटो कुठायत?"

"पोत्यांत."

"कसल्या पोत्यांत?"

"त्या कोपऱ्यातल्या. सगळे आहेत. लाकूड तेवढं मी ठेवून घेतलं. वाटणी तूच केली होतीस."

त्याने एका पोत्यात हात घातला. ढलप्यांवर कुठे कानाची कड होती, कुठे वशिंड. पन्नास वर्षे पुण्यात राहून कमावलेली भाषा त्याच्या तोंडून गळाली. "काहून केलं वं तू असं? काहून केलं?" आई मथुराबाई अशी विचारायची, दूध उतू गेले की.

मग त्याला भिंतीशी उभी केलेली एक फळी दिसली. तिच्यावर फोटो होता.

"ही एक तरी दे मला. एवढी एक लावतो. हवं तर तुझं नाव आधी घालतो."

"आडनावासकट?"

"आडनावासकट."

मी म्हणाले, लेखी कळवीन. ते कळवणे म्हणजे कलम १०. तो टेम्पो रिकामा घेऊन गेला. प्रदर्शन पुढे ढकलले गेले.

कलम ७. ढलप्यांची पोती दिगंबर नागोराव वाढई याला द्यावीत. ते त्याचे फोटो आहेत. त्यांतील एकही ढलपी मी ठेवलेली नाही. पोती पोचल्याची सही घ्यावी. चूल पेटवायला त्या उत्तम आहेत, परंतु त्याच्याकडे चूल नाही.

कलम ८. रंधा मारलेल्या सर्व फळ्या प्रदर्शनात लावाव्यात. दिगंबरने सोडलेल्या तारखा दालनाकडे रिकाम्या होत्या, त्या मी घेतल्या आहेत. तोवर मी नसेन तरी प्रदर्शन व्हावे. प्रत्येक फळीखाली जनावराचे नाव आणि मालकाचे गाव असावे. लोकांना हात लावू द्यावा. निमंत्रणपत्रिकेवर: लाकूडकाम, सुशीला वाढई. खाली बारीक अक्षरांत: छायाचित्रे, दिगंबर. आडनावाला जागा असली तरी घालू नये.

कलम ९. चौकात माझ्या श्रद्धांजलीचा फलक लावू नये. कोणी लावलाच तर फोटो दिगंबरकडून घेऊ नये. त्याच्याकडे माझा एकच आहे. त्यात माझे हात आणि रंधा स्पष्ट आले आहेत. डोके चौकटीत बसलेले नाही.

कलम १०. राहिलेली फळी.

तिच्यावर मी रंधा ठेवला होता आणि उचलला. फोटो चांगला आहे. इतर सगळ्या फोटोंत जनावर दिगंबरकडे बघते. यात गाय त्याच्याकडे बघत नाही, गव्हाणीत बघते आहे, आणि दिगंबरने, त्या एकदाच, तिला तसे बघू दिले. हे मी लिहून देते. पण फळी शाबूत राहण्याचे कारण ते नाही. ती फळी माझी नाही.

वाघोलीच्या पुढे एका वाडीत चंद्रभागाबाईंचा गोठा होता. नवी गव्हाण देऊ केली, तर त्या म्हणाल्या, "नवी ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. ही ने, पन आनून दे. तिला सवय हाय हिची." मी म्हणाले, आणून देते. दिले नाही. ती गाय गेली, मग चंद्रभागाबाई गेल्या. गोठा त्यांचा मुलगा संतोष चालवतो. मागच्या महिन्यात मी रिक्षाने जाऊन त्याला विचारून आले. तो म्हणाला, "आना की. जागा हाय अजून. पन फोटू घान हुईल बरं का त्यावरचा."

मी म्हणाले, होऊ दे.

फळी माझी नसल्यामुळे ती माझ्या वारसांकडे जात नाही. दिगंबरकडे जात नाही, उत्कर्षाकडेही नाही. व्यवस्थापकांनी ती संतोषच्या गोठ्यात न्यावी आणि पहिल्या जागी बसवावी. फोटोची बाजू गाईकडे ठेवावी. फळीत काजळी, खायचा डिंक आणि जवसाचे तेल याखेरीज काही नाही. जनावराला बाधत नाही. बसवल्यावर फोटोवर खडेमीठ चोळावे, आणि ते संपले की संतोषने पुन्हा चोळावे. जीभ अर्धे सूत काढायला किती वर्षे घेते, हे मला माहीत नाही. घाई नाही.

दिगंबरला बघायला यायचे असल्यास अडवू नये. त्याने कॅमेरा आणला तरी हरकत नाही. मात्र गाय गव्हाणीत तोंड घालून असेल, तर फळी दिसावी म्हणून तिला बाजूला करू नये. त्याने थांबावे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. दोन विशेषणे काढली. बाकी कबूल.

ठिकाण: येरवडा, पुणे
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

(सही) सुशीला नागोराव वाढई

सुशीलाबाईंनी आमच्या दोघांच्या समक्ष, कोणाचाही आधार न घेता सही केली. त्यांच्या समक्ष आम्ही साक्षीदार म्हणून सह्या केल्या. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही.

१. (सही) डॉ. अर्णव परांजपे, येरवडा
२. (सही) दत्तप्रसाद कुलथे, हार्डवेअरचे दुकानदार, येरवडा