बंद बाटलीतलं पाणी

खामपान ताईस,

माझी लेक कानफेत निवृत्त होतेय गं! तीस वर्षं एचआयव्हीच्या रुग्णांची संस्था चालवली तिनं. उद्या गावजेवण आहे. मी तर नाचतेय, नातवंडं हसतात. तूही येणार म्हणे, पुढच्या खुर्चीत बसायला.

माझा लेक इन्तोंग त्याच रोगानं गेला, तेव्हा अंत्यविधीच्या जेवणात तू आमच्या चिकट भाताला शिवली नाहीस. "पोट बिघडलंय गं," म्हणालीस आणि बंद बाटलीतलं पाणी प्यायलीस. तुला बघून सगळं गाव उपाशी उठलं. दुसऱ्या दिवसापासून कानफेत आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्याच ताटात जेवू लागली.

आता म्हणते, "आई, मावशीला माझ्या शेजारी बसव. झालं गेलं विसर ना!" तिला जमतं. मला नाही जमत. हे पत्र चुलीत घालते.

तुझी धाकटी,
बुआचान